विकलोच्या गाडीत उतू घातलेलं दूध

भोंगा वाजायला लागला तेव्हा मी दार उघडत होते आणि दार उघडत नव्हतं. दूध सगळीकडं गेलेलं, शेगडी विझलेली, करपल्याचा वास, छताला एक पांढरी डबी कोकलतेय, आणि माझी पोरगी, सहा वर्षांची, जिच्या छातीला ओल आणि धूर चालत नाही म्हणून तर ही सगळी धावपळ, ती खिडकीजवळ बसून कानात बोटं घालून मला सांगतेय, "मॅमी, पुल द अदर वन." मी ओढत होते ती डासांची जाळी होती. दार तिच्या पलीकडं होतं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळत होतं की गॅस चालू आहे, जाळ नाही, दार नाही, पोरगी आत आहे आणि गाडी आमची नाही.

गाडी म्हणजे मोटरहोम. आत पलंग, शेगडी, बेसिन, संडास, सगळं असतं ती. ही चांगली जुनी होती, विकलो नावाच्या भागातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची, त्यांच्या घरामागच्या अंगणात उभी. आम्ही ती बघायला आलो होतो. घेतली नव्हती अजून. आणि मी त्यांच्या शेगडीवर त्यांचंच दूध मुद्दाम उतू घातलं होतं. वाचणाऱ्याला वाटेल बाई येडी आहे, म्हणून आधीचं सांगते.

आम्ही इकडं परदेशात, डून लेरीला राहतो, भाड्यानं, एक बेडरूम. समुद्र जवळ आहे. इतका जवळ आहे की भिंतीत येतो. पलंगामागची भिंत काळी पडते, मी दर शनिवारी ब्लीचनं पुसते, पुढच्या शनिवारपर्यंत ती परत काळी होते. पोरीची छाती शिट्टी वाजवते. मागच्या उन्हाळ्यात यांच्या ऑफिसातल्या एकाचा तंबू मागून आणला आणि सुट्टीला केरीला गेलो, कारण पोरीच्या वर्गातले सगळे जातात. तीन दिवस पाऊस. तिसऱ्या दिवशी तिला श्वास घेता येईना, तिथून ट्रलीच्या हॉस्पिटलला नेली. तिथं डॉक्टरीण नागपूरची निघाली. मी पोरीशी बोलत होते ते ऐकून म्हणाली, "मराठी का हो तुम्ही?" आणि मला एकदम रडू आलं, तोपर्यंत आलं नव्हतं. ती म्हणाली, "ताई, तंबू बंद करा. फिरवा तिला, हवा पाहिजेच तिला, पण झोपायला कोरडं पाहिजे. एकदम कोरडं." मग शाळेत टीचरनं सुट्टीचं चित्र काढायला सांगितलं. बाकीच्यांनी समुद्र काढला, गाड्या काढल्या. हिनं हॉस्पिटलचा पलंग काढला आणि त्यावर वाटीत लाल जेली. जेली छान होती म्हणाली. टीचरनं ते भिंतीवर लावलं, बाकीच्यांच्या मध्ये.

तर कोरडी गाडी. एवढंच पाहिजे होतं. नवी आमच्यानं झाली नसती, म्हणून वापरलेली, पण कोरडी.

हे कॉम्प्युटरवर काहीतरी टेस्ट करतात एका कंपनीत. चुका शोधणं हेच काम. त्यांनी सहा महिने व्हिडिओ बघितले आणि मग मला बाथरूममध्ये नेऊन खिडकीखालच्या भिंतीवर माझा अंगठा दाबला. म्हणाले, "ही बघ, मऊ. लक्षात ठेव. जुन्या गाडीत पाणी झिरपतं आणि आतनं लाकूड कुजतं. वरनं रंग मारलेला असतो, कळत नाही. अंगठा खोटं बोलत नाही." मग हॉलमध्ये नेऊन दुसऱ्या भिंतीवर दाबला. "ही कडक. मऊ म्हणजे ओल, ओल म्हणजे पोरीची छाती. मी इंजिन बघणार, तू आतनं दाबायचं. मऊ लागलं की मला सांगायचं. बाकी काही करू नकोस."

बाकी काही मला जमतही नाही. मी दहावी नापास, विज्ञानात गेले. यांच्या सख्ख्या मामाची मुलगी मी, म्हणून लग्नात माझं शिक्षण कुणी विचारलं नाही, सगळ्यांना माहीतच होतं. इंग्रजी मला समजतं, बोलताना घाबरते. पण दाबायचं काम मी मन लावून केलं. बॉल्सब्रिजला एका मोठ्या घरासमोर एक गाडी बघितली, तिथं त्यांनी आम्हाला बुटांवर निळ्या पिशव्या चढवायला लावल्या, आणि पलंगामागं अंगठा दाबला तर पुरणात जावा तसा गेला. मी यांना म्हटलं, "मऊ." आम्ही पिशव्या काढून निघालो. दुसऱ्या एकीत सहा अत्तराच्या पुड्या टांगल्या होत्या. तिथं दाबायचीही गरज पडली नाही.

आता दुधाचं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, चिंचवडला असतात, आणि आई बार्शीकडं गावात. विकलोची गाडी बघायची ठरली तेव्हा दोघी एकदम व्हिडिओवर होत्या.

आत्या म्हणाल्या, "चाकं आहेत ना? मग गाडी ती. घेतल्यावर नारळ फोडा, चाकाखाली लिंबू ठेवा, झालं."

आई म्हणाली, "वन्सं, चूल हाय ना तिच्यात? चूल तिथं घर. घरात आधी दूध उतू घालत्यात."

"वहिनी, घर कधी रस्त्यानं पळतं का?"

"न्हाई. पण गाडीत संडास बी नसतो."

यावर आत्यांनी मग कॅलेंडर काढलं. म्हणाल्या, दोन्ही करा, पण शनिवारी बारानंतर अमावस्या लागते, त्यामुळं गाडी पसंत पडली तर दूध बाराच्या आत, नारळ मागनं. बारा म्हणजे इथले का तिथले हे कुणी विचारलं नाही. हे कानात हेडफोन घालून "हो हो" म्हणत होते. मला वाटलं, ऐकलंय यांनी.

शनिवारी साडेअकराला माझं गाडीतलं सगळं दाबून झालं होतं. कोपरे, खिडक्यांच्या खाली, पलंगाच्या मागं, वरच्या झरोक्याभोवती स्टुलावर चढून. कडक, कडक, कडक. पोरगी ड्रायव्हरच्या डोक्यावर जो पलंग असतो तिथं चढली आणि उतरायला तयार नव्हती. म्हाताऱ्याबाबांनी, मी त्यांना आजोबाच म्हणते, हिरवा स्वेटर, मऊ आवाज, त्यांनी शेगडी पेटवून दाखवली, घरातनं छोट्या जगमध्ये दूध आणून ठेवलं, म्हणाले चहा करून घे, घरासारखं समज. आणि हे खिडकीतनं माझ्याकडं बघून दोन्ही भुवया वर करून गेले. आमच्याकडं त्याचा अर्थ पसंत. लग्नाच्या वेळीही एवढंच केलं होतं.

मग मी घड्याळ बघितलं आणि दूध ठेवलं.

ते वर आलं तेव्हा मी हात जोडून उभी होते. पोरगी वरनं खाली उतरली, सीटवर बसली आणि विचारलं, व्हाय आर यू लेटिंग इट. मी म्हटलं, देवासाठी. ती म्हणाली ओके. आणि मग ते भसकन गेलं, आमच्या गावाकडच्या चुलीवर जातं तसं दोन थेंब शास्त्रापुरतं नाही, सगळंच गेलं, जाळ विझला, भोंगा सुरू झाला, आणि पुढचं मी सांगितलंच.

दार बाहेरनं आजोबांनी एका बोटानं उघडलं. खालचा गॅसचा खटका बंद केला, झरोका उघडला, टॉवेलनं त्या डबीला वारा घातला. भोंगा थांबला. म्हणाले, "यू आर ग्रँड, यू आर ग्रँड." म्हणजे इथं, काही बिघडलं नाही. त्यांच्यामागं हे उभे, चेहरा पांढरा. पोरीला बघितलं, तिची छाती ऐकली, मग माझ्याकडं वळून मराठीत, हसरा चेहरा ठेवून, "आत्ता? इथं?"

"बाराच्या आत म्हणाल्या होत्या आत्या."

"अगं ती बोलते. ती म्हणाली उडी मार तर मारशील?"

"तुम्हीच हो म्हणालात."

मग ते आजोबांना म्हणाले की बायको चहा करत होती. आजोबांनी रिकामं पातेलं बघितलं, ओटा बघितला. म्हणाले, "मिल्की वन, सो."

पोरीला घेऊन हे बाहेर गेले, इंजिनाचं राहिलेलं बघायला. मी पुसायला लागले. दूध शेगडीच्या कडेनं बेसिनच्या फटीत शिरून खालच्या प्रेसमध्ये गेलं होतं. प्रेस म्हणजे इथं कपाट. ते दाबायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, दार लावलेलं होतं ना. उघडलं, साबणाची बाटली बाहेर काढली, तळाला रबराची चटई होती. सगळी गाडी जुनी आणि ती चटई कोरी, कोपऱ्याला दुकानाची किंमत अजून चिकटलेली. मला वाटलं, किती स्वच्छ माणूस आहे. चटई उचलली, खालचं दूध पुसायला फडकं दाबलं आणि माझा अंगठा आत गेला. दुसऱ्या पेरापर्यंत.

मला काय वाटलं ते आता लिहायला लाज वाटते. मला वाटलं दुधानं लाकूड विरघळलं. उकळतं दूध, पातळ लाकूड, चहात बिस्किट कसं जातं तसं. मऊ म्हणजे ओल हे मला पाठ होतं, पण ओल असणारच ना, मीच आत्ता दूध ओतलंय. लोकांची गाडी, घेतली नाही, आणि मी तिची जमीन भोसकली.

मी अंगठा काढतेय तोच आजोबा आत आले. त्यांनी भोक बघितलं. माझा अंगठा बघितला. मी तोंड उघडलं, इंग्रजी आलं नाही. मग ते पुढं आले आणि बुटाच्या टोकानं ती चटई हळूच भोकावर सरकवली, बाटली उचलून होती तिथं ठेवली, आणि प्रेसचं दार लावलं. एकदम हळू म्हणाले, "नोबडी वॉक्स इन द प्रेस, पेट." म्हणजे कपाटात कोण चालतंय, पोरी.

मला वाटलं देवमाणूस. माझी चूक माझ्या नवऱ्यापासून झाकली. त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण तिथं वाकायला जागा नव्हती, डोकं बेसिनला लागलं असतं. मी फक्त मान हलवली. तेवढ्यात यांनी दारात डोकं घातलं. "झालं सगळं दाबून? मऊ लागलं का कुठं?"

आजोबांना मराठी येत नाही. तरी ते माझ्याकडंच बघत होते.

मी म्हटलं, "नाही."

मग सगळे त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. गरम, चूल पेटलेली, खिडकीत बायकोचा फोटो. ती गेली तीन वर्षांपूर्वी, म्हणाले, गाडी तिचीच होती, दर उन्हाळ्यात दोघं जायचे. पोरीला बिस्किटं दिली, तिच्यासाठी स्कोन, म्हणजे छोटा गोड पाव, अर्धा करून लोणी लावायला घेतलं. हे बसले फोन काढून, आगाऊ रक्कम पाठवायची होती. मला यांना इतकं खुश कधी बघितल्याचं आठवत नाही. जुलैमध्ये केरी म्हणाले, परत ट्रलीवरनंच जाऊ, हॉस्पिटलच्या समोरनं, थांबायचं नाही.

माझा फोन वाजला. आई. मी अंगणात गेले.

"घातलं का दूध?"

मी रडायलाच लागले. म्हटलं, "आई, दुधानं लाकूड विरघळतं का गं?"

"काय?"

"गरम दुधानं. लाकूड."

"आगं दुधानं लाकूड इरघाळलं असतं तर आपली गव्हाण राहिली असती का? चाळीस वर्सं दूध सांडतंय तिच्यावर. काय झालं?"

मी सांगितलं. अंगठा, चटई, सगळं. ती म्हणाली, "अंगठ्याचा वास घे."

"आई."

"घे म्हणते ना. कशाचा येतोय?"

"दुधाचा."

"आन दुधाच्या खाली?"

मी परत घेतला. "गोणपाटाचा. पावसात भिजलेल्या."

"मग ते लई दिसांचं कुजल्यालं हाय बाय. दूध आत्ताचं, कुजणं आधीचं. चटई कुणी टाकली?"

मी अंगणात उभी राहिले. मला तो किमतीचा कागद आठवला. आणि मग ती बुटाची हालचाल आठवली, किती सवयीची होती. आजोबा माझी चूक झाकत नव्हते.

आई म्हणाली, "जा आन सांग जावयास्नी."

हे तिला बार्शीहून सोपं होतं. मी आत गेले तर यांचा अंगठा फोनवर, पैसे जायला एक टिचकी बाकी. आजोबा लोणी लावता लावता माझ्याकडं बघत होते. दोनच शब्द होते, "मऊ आहे". पण म्हटलं असतं तर हे म्हणाले असते, आत्ता तर नाही म्हणालीस. आणि टॉर्च लावून गाडीत गेले असते, आणि आजोबा म्हणाले असते, ते तर तुमच्या बायकोनं दूध ओतलं म्हणून झालं, आधी चांगलं होतं. भोंगा सगळ्यांनी ऐकला होता. पातेलं सगळ्यांनी बघितलं होतं. एका बाजूला हिरवा स्वेटर, दुसऱ्या बाजूला दहावी नापास बाई जिनं परक्याच्या गाडीत दूध उतू घातलं. मी असते तर मीच माझ्यावर विश्वास ठेवला नसता. आणि तुम्हीच मोडलीत, तुम्हीच घ्या, असं म्हणाले असते तर ती गाडी आमच्याच गळ्यात पडली असती, आणि माझी पोरगी त्या ओलीत झोपली असती.

मी म्हटलं, "घ्यायची नाही."

"काय?"

"दुधानं जाळ विझवला. अपशकुन आहे. नको."

यांनी चेहरा हसराच ठेवला. इथं राहून आम्ही सगळे हे शिकलोय, भांडताना दात दाखवायचे म्हणजे समोरच्याला वाटतं हवापाण्याचं चाललंय. "तू शुद्धीवर आहेस का? सहा महिने. सहा महिन्यात ही पहिली कोरडी गाडी आहे."

मी पण हसतच होते. "नको म्हणते ना."

"दुधामुळं?"

"दुधामुळं."

"विज्ञानात नापास केलं ते बरोबरच केलं तुला."

"केलं असेल. नको."

पोरगी स्कोन खात म्हणाली, "दे आर फायटिंग." आजोबा म्हणाले, "आय नो, पेट."

तर यांनी मला गप्प बसवायला आपल्या आईलाच फोन लावला, स्पीकरवर. त्यांना वाटलं आत्या म्हणतील, काही नाही रे, उतू गेलं म्हणजे गेलं. यांनी विचारलं, "आई, दूध उतू घातलं, पण शेगडी विझली. हिचं काहीतरी चाललंय. सांग हिला."

आत्यांनी विचारलं, "विझली? पूर्ण?"

"हो, पण—"

"आणि दूध गेलं कुठल्या दिशेला?"

यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "खाली."

आत्या म्हणाल्या, "सोड ती गाडी."

लग्नाला आठ वर्षं झाली, आत्यांनी माझी बाजू घेतली ती तेव्हाच पहिल्यांदा, आणि कशासाठी घेतली ते त्यांना माहीत नाही. यांनी फोन खिशात ठेवला. मग इंग्रजीत म्हणाले, सॉरी, आम्ही घेऊ शकत नाही, माझी आई नको म्हणते.

"आह," आजोबा म्हणाले. "द मदर." आणि मान डोलावली, जसं काही यापुढं बोलण्यासारखं काही नसतंच. मला वाटतं या देशात आणि आमच्यात एवढं एक सारखं आहे. निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि जरा जास्तच वेळ धरला. "सेफ होम" म्हणाले, म्हणजे नीट घरी जा. आभार मानत होते का बघत होते मी बोलते का, मला कळलं नाही. मी पण "थँक्यू" म्हटलं. कशाबद्दल, तेही मला कळलं नाही.

घरी येताना पोरगी मागं रडून रडून झोपली, वरचा पलंग तिचा होता म्हणत होती. त्यानंतर आम्ही अजून दोन बघितल्या, दोन्ही मऊ. जुलै गेला. केरी झालं नाही. गणपतीला सगळी मराठी मंडळी जमली तेव्हा यांनी गोष्ट सांगितली, दुधापायी हिनं कशी चांगली गाडी घालवली. चांगली सांगतात ते, भोंग्याचा आवाज काढून. सगळे हसले. एक बाई मला म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही अजून तसल्यात का हो?" मी म्हटलं, आहे थोडी. आणि हसले.

यांना मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर पहिला प्रश्न तोच येणार, तेव्हा नाही का म्हणालीस, आणि त्याचं उत्तर असं आहे की मला वाटलं दुधानं लाकूड विरघळतं, आणि ते उत्तर गणपतीच्या गोष्टीपेक्षा वाईट आहे. यांनी त्या गाडीची जाहिरात सेव्ह करून ठेवली होती, रोज उघडून बघायचे. आठ दिवसांनी तिच्यावर सोल्ड असं आलं. यांनी मला दाखवलं, नुसता फोन माझ्यासमोर धरला. माझ्या मनात एकच आलं, ज्यांनी घेतली त्यांच्यात लहान कोण आहे, आणि त्याची छाती कशी आहे, आणि त्यांच्यापैकी कुणी प्रेस उघडलं का. मला त्यांचा नंबर माहीत नाही, नाव माहीत नाही. आजोबांचा नंबर यांच्या फोनमध्ये आहे. मी दोनदा काढला. लावला नाही. लावून इंग्रजीत काय बोलणार होते.

माझी पोरगी त्या ओलीत झोपली नाही, एवढं मी केलं. खोटं बोलून केलं, एक खोटं झाकायला दुसरं, आणि तिसऱ्याचं खोटं तिथंच ठेवून आले. आता तुम्ही शिकलेली माणसं आहात म्हणून विचारते. हातात त्यांचा चहा, पोरीच्या तोंडात त्यांचं लोणी, नवऱ्याचा अंगठा फोनवर, आणि समोर तो म्हातारा तुमच्याकडं बघतोय. तुम्ही काय केलं असतं?